ठासणीच्या बंदुकीकडे परतताना

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी मापून दारू ओतायची, तिच्यावर बुच बसवायचे, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बुच, आणि प्रत्येक थर गजाने ठासून घट्ट करायचा. बंदूक चकमकीची असेल तर नळीच्या बुडाशी असलेल्या कानाशेजारच्या वाटीत चिमूटभर रंजक घालायची, टोपीची असेल तर निपलावर टोपी चढवायची, आणि जुनी लष्करी कवायत सोडली तर हे काम नेहमी सगळ्यांत शेवटी करायचे. आजच्या काडतुसात हे सारे कारखान्यातूनच एका नळकांड्यात बांधून येते. ठासणीच्या बंदुकीत ते दर बाराला माणसाने स्वतःच्या हाताने, ठरलेल्या क्रमाने करावे लागते. क्रम चुकला तर बार फुकट जातो, प्रमाण चुकले तर नळी फुटते.

पुढची पाने शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या वाचकांसाठी आहेत, त्यांना ही बंदूक नवी नाही. घोडनदीच्या आणि भीमेच्या काठाने शेतराखणीच्या परवान्याची ठासणी असलेली घरे होती, काही अजून आहेत. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिलेले, आजोबांच्या हातात गज दिलेला, ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावरून काढलेला आवाजाचा बार ऐकलेला, एवढी ओळख अनेकांची आहे. पुढे शाळा संपली आणि माणसे पांगली. कुणी दौंडच्या रेल्वेत लागले, कुणी तिथल्याच राज्य राखीव पोलीस दलाच्या गटात, कुणी सैन्यात, कुणी कुरकुंभ नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत. हातात आली ती सरकारी रायफल, नाहीतर काहीच आले नाही. आता निवृत्तीनंतर घरी परतल्यावर ट्रंकेमागे, माळ्यावर किंवा पोलीस ठाण्याच्या जमा-पावतीवर ती जुनी बंदूक पुन्हा भेटते, आणि तिच्याविषयी काहीतरी करावे असे वाटू लागते.

त्या वाटण्याला दिशा मिळावी म्हणून ही प्रस्तावना. माझे म्हणणे असे आहे की हा छंद तरुणपणापेक्षा उतारवयात अधिक चांगला जमतो, आणि आपल्याकडे त्याचा फार मोठा भाग एकही बार न उडवता पार पडतो. जो केवळ आवाजासाठी आणि धुरासाठी इकडे वळेल त्याची निराशा होईल. ज्याला वस्तू समजून घ्यायला आवडते, त्याला उरलेले आयुष्यभर पुरेल एवढे काम इथे आहे.

आधी वयाविषयी. चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला की लगेच गोळी सुटत नाही. घोड्यातला गारगोटीचा दगड पोलादी पट्टीवर घासतो, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक पेटते, ती ज्वाळा कानाच्या छिद्रातून आत जाते आणि मग आतली दारू भडकते. हा सगळा प्रवास सेकंदाच्या लहानशा भागात होतो, पण माणसाला तो जाणवतो. डोळ्यांपुढे भपकन जाळ होतो आणि बंदूक अजून सुटलेली नसते. त्या क्षणी ज्याची मान मागे जाते किंवा खांदा हलतो, त्याची गोळी लक्ष्यावर लागत नाही. नेम चाप ओढण्यापर्यंत धरून भागत नाही, चाप ओढल्यानंतरही तो तसाच धरून ठेवावा लागतो. चपळाईचा इथे उपयोग नाही. ज्याला घाई उरलेली नाही, त्याला हे लवकर साधते.

डोळ्यांचेही तसेच. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते, आणि आखूड नळीच्या हत्याराची माशी नेमकी त्या धूसर अंतरात येते. जुन्या लष्करी ठासणीची नळी लांब असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी घडलेली आणि १७९७ पासून ब्रिटिश सैन्यानेही घेतलेली ‘इंडिया पॅटर्न’ ब्राऊन बेस घेतली तर तिची नळी ३९ इंचांची. माशी डोळ्यापासून तेवढी दूर गेली की साठीतल्या माणसाला ती पुष्कळ स्पष्ट दिसते. वजन मात्र विसरू नये. ही बंदूक चार किलोंहून जड आहे आणि ती उभ्याने, टेकूशिवाय धरायची असते. खांद्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग बंदूक.

जगात हा छंद कुठवर पोचला आहे ते पाहिले म्हणजे वयाचा हा मुद्दा आणखी उघड होतो. अमेरिकेत ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात तिचे मैदान आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७१ पासून एमएलएआयसी ही समिती जागतिक स्पर्धा भरवते. तिचा नियम मला फार आवडतो: अर्ध्या तासात तेरा बार, त्यांतले सर्वोत्तम दहा मोजायचे. म्हणजे प्रत्येक बाराला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. त्या वेळात भरायचे, नेम धरायचा, सोडायचे, आणि तीन चुका पोटात घातल्या जातात. अंतर बहुधा २५, ५० किंवा १०० मीटर. केस पांढरे झालेली माणसे तिथे तरुणांच्या शेजारी उभी राहून बरोबरीने खेळतात, कारण खेळाची रचनाच तशी आहे.

त्या स्पर्धांत जळत्या वातीच्या, म्हणजे तोडेदार, बंदुकीच्या एका प्रकाराचे नाव आहे तानेगाशिमा. हे जपानचे बेट. १५४३ मध्ये तिथे उतरलेल्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून जपान्यांनी बंदूक घेतली आणि काही वर्षांतच स्वतः घडवू लागले. या गोष्टीचा एक धागा आपल्या कोकण किनाऱ्याला येऊन मिळतो. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला, आणि तीन वर्षांनी आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने गोव्याच्या बंदूक घडवणाऱ्या कारागिरांची तुलना बोहेमियाच्या नामांकित कारागिरांशी केली. त्यांतला एक उस्ताद त्याने राजाकडे धाडला. जपानी तोडेदार बंदुकीची कळ पोर्तुगीज आशियातल्या, गोवा आणि मलाक्काकडच्या बंदुकींच्या घराण्यातली आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. आज जपानमध्ये उत्सवांत चिलखते घालून म्हातारी माणसे त्या बंदुकींच्या सलाम्या देतात. आपल्याकडे त्या गोव्याच्या कारागिरांची नावेही कुणाला माहीत नाहीत. एवढ्या मोठ्या वारशाकडे आपण किती कमी पाहिले आहे, याची खंत मला वाटते आणि ती मी लपवत नाही.

शिरूरचे स्वतःचे नाते तर थेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडनदीला कंपनी सरकारची छावणी बसली. शिरूरच्या कर्नल वॉलेसची कबर त्या काळाची आहे. तो १८०९ मध्ये वारला आणि आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानून नवस बोलू लागले. जून १८१७ च्या पुणे करारानंतर उभे राहिलेले पुणे ऑक्झिलरी हॉर्स हे घोडदळ, जे पुढे पूना हॉर्स म्हणून प्रसिद्धीला आले, तेही दीर्घकाळ शिरूरशी जोडलेले होते. या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई होते, अडीचशे-तीनशे स्वार होते, मद्रास तोफखान्याचे चोवीस गोलंदाज आणि दोन सहापौंडी तोफा होत्या. रात्रभर चालून सकाळी ते भीमेकाठी कोरेगावला पोचले. समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज होती. त्या दिवसाचा इतिहास आणि त्याचे अर्थ यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पेरणे इथल्या त्या लढाईच्या स्मृतिस्तंभावर कोरलेल्या नावांत बावीस नावे महार सैनिकांची आहेत आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला इथे त्या दिवसाची एक बाजू सांगायची आहे, जी ठासणीची बंदूक हाताळणाऱ्यालाच नीट कळते. ती म्हणजे तहान.

त्या काळच्या शिपायाजवळ कागदी काडतुसे असत. कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी एकत्र. पुडी दातांनी फाडायची, थोडी दारू वाटीत टाकायची, उरलेली नळीत ओतायची, कागदासकट गोळी आत सोडायची, गज उपसायचा, ठासायचे, गज परत जागेवर ठेवायचा. तयार शिपाई हे मिनिटाला तीन वेळा करत असे. दर वेळी दारूचे कण जिभेवर येत. दारूत सर्वांत मोठा भाग सोऱ्याचा असतो आणि सोरा खारट असतो, तो तोंडातले पाणी शोषून घेतो. त्यात धुराने घसा कोरडा पडतो. कोरेगावात शिपाई रात्रभर चालून आलेले, पोटात अन्न नाही, नदी डोळ्यांपुढे पण तिच्याकडे जाण्याची वाट शत्रूच्या माऱ्यात. अशा स्थितीत ते सकाळपासून रात्रीपर्यंत पुड्या फाडत राहिले. लढाईच्या वर्णनांत पाण्यावाचून झालेल्या हालांचा उल्लेख येतो तो याच अर्थाने वाचला पाहिजे. दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्या दिवशी काय सोसले हे आकड्यांत येत नाही. कोरी पुडी हातात घेऊन, दारू न घालता, नुसत्या हालचालींची उजळणी दहा मिनिटे केली तरी त्याचा थोडा अंदाज येतो. इतिहास वाचण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि तिच्यासाठी बार उडवायची गरज पडत नाही.

आपल्याच जिल्ह्यात या बंदुकीचा शेवटही पाहायला मिळतो. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे टोपी आली आणि पावसात रंजक भिजण्याची कटकट गेली. १८५३ ची एन्फील्ड रायफल ठासणीचीच होती. तिच्या चरबी लावलेल्या पुड्यांनी १८५७ मध्ये काय घडवले ते सांगायला नको. १८६६ च्या सुमारास त्याच एन्फील्डला मागे झडप बसवून स्नायडर तयार झाली, आणि धातूचे काडतूस आले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. त्यानंतर सैन्याला ठासणीची गरज उरली नाही. ती उरली गावात, शेतावर आणि देवाच्या दारी. सोमवतीला जेजुरीच्या गडावरून खंडोबाची पालखी कऱ्हेकडे निघते तेव्हा आजही बंदुकीच्या फैरी झडतात. दौंडची कित्येक कुटुंबे त्या वाटेवर असतात.

गावातल्या बंदुकीवर कायद्याची नजर मात्र जुनी आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हिंदुस्थानी माणसाला बंद झाले. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर छापा घातला. लष्करी हिशेब खात्यातल्या एका कारकुनाने दुष्काळात होरपळलेल्या मुलखात उभारलेला तो लढा होता. हत्यारे काढून घेतलेल्या प्रजेतून तो उठला होता हे ध्यानात ठेवले, की घरातल्या परवान्याच्या जुन्या कागदाकडे आपण वेगळ्या आदराने पाहतो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा नावाने उल्लेख आहे: खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी नागरिकाने ती मागितली तर परवाना द्यावा, असे तिथे म्हटले आहे. शेतकऱ्याची बंदूक म्हणून संसदेने तिला ओळखले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे असे परवाने पुष्कळ आहेत आणि दर निवडणुकीला ती हत्यारे जमा करण्याची धावपळ तिथे होते. आपल्याकडे संख्या कमी, नियम तेच. कोडगूतल्या कोडव समाजाला मात्र परवान्यातून सूट आहे, आणि तिथे कैलपोळ्दच्या सणाला घराघरात बंदुकीची पूजा होते.

इथे थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण या बाबतीत गावोगाव चुकीचे समज ऐकू येतात. जुनी बंदूक आहे, म्हणजे परवाना लागत नाही, हा त्यांतला सर्वांत धोकादायक. कायद्याचे पंचेचाळिसावे कलम सूट देते ती जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या हत्याराला. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. नळी शाबूत आहे, कान मोकळा आहे, घोडा तेवढा तुटला आहे, अशी बंदूक शंभर वर्षांची असली तरी दुरुस्त होऊ शकते, म्हणून तिला परवाना हवा. ती कशात बसते हे आपण ठरवायचे नाही. ग्रामीण भागासाठी परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी असतात. पोलीस ठाण्यातून त्यांच्याकडे रीतसर अर्ज करावा आणि लेखी उत्तर घ्यावे.

वारसांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत चांगली सोय आहे. परवानाधारक वारल्यावर तर वारसाला अर्ज करता येतोच, पण परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली किंवा पंचवीस वर्षे ते हत्यार बाळगले, यांतले जे आधी घडेल तेव्हा त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वडील ऐंशीचे झाले, मुलगा साठीला आला, आणि बंदूक अजून वडिलांच्या नावे ठाण्यात जमा पडून आहे, अशी घरे मी पाहिली आहेत. वडील असेपर्यंतच ते काम उरकावे. वडिलांकडून माहितीही मिळते आणि त्यांची सहीही.

आणि हा छंद शिकारीचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो दरवाजा बंद झाला आणि तो बंद झाला हे योग्यच झाले. दौंडच्या माळरानावरचा चिंकारा, त्या गवताळ पट्ट्यातले लांडगे आता मोजके उरले आहेत. शिरूरच्या उसात बिबट्याचा वावर वाढला आहे, माणसे दगावली आहेत, आणि त्या भीतीतून कुणी कुणी बंदुकीचा विषय काढतात. त्यांच्या दुःखाची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही स्पष्ट सांगतो: एक बार झाल्यावर पुन्हा भरायला अर्धे मिनिट घेणारी ठासणी अंधारात बिबट्यापुढे कुणाचे रक्षण करू शकत नाही. बिबट्या जखमी झाला तर धोका वाढतो. तिथे वन विभाग, पिंजरा, बंदिस्त गोठा आणि रात्रीऐवजी दिवसा शेतीला वीज, हेच उपाय आहेत.

मग बंदूक हाती आल्यावर पहिले काम काय? ती भरलेली आहे का ते पाहणे. ठासणीची बंदूक वर्षानुवर्षे भरलेली राहू शकते. आतली दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेट घेते. मळ्यावरून परत आलेल्या माणसाने बार न काढता बंदूक खुंटीला अडकवली आणि मग कुणी तिच्याकडे पाहिलेच नाही, असे घडते. ओळखण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. गज नळीत हळूच तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज नळीच्या बाहेरून कानापर्यंत धरून पाहायचा. दोन्ही लांबी जुळल्या तर नळी रिकामी. बाहेरची लांबी तीन-चार बोटे जास्त भरली तर आत काहीतरी आहे. हे पाहताना तोंड कुणाकडेही नसावे, स्वतःच्या हनुवटीकडे तर नाहीच. आत काही असल्याची शंका आली तर तिथेच थांबावे आणि पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला कळवावे. गरम सळई घालून, ठोकून, पाणी ओतून स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये. दारू घरी करणे हा तर गुन्हा आहे आणि त्यात हात-डोळे गेलेली माणसे जिल्ह्यात कमी नाहीत.

नंतरचे काम नळीचे. जुन्या चांगल्या नळ्यांवर लाटांसारखे नक्षीदार जौहर दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केल्याची ती खूण. हे काम बघत बसावे असे असते, पण त्या सांध्यांत आत कुठे गंज शिरला आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून अशा नळीतून पुन्हा बार काढायचा विचार सोडून द्यावा. काळ्या दारूसाठी घडवलेल्या कुठल्याही नळीत आजची बिनधुराची दारू घातली तर ती फुटते. मुंगेर किंवा जम्मूच्या कारखान्यांत विसाव्या शतकात बनलेली साधी ठासणी असेल तर तिची तपासणी करून घेता येते.

राखणीची पद्धत वेगळीच आहे आणि ती जुन्या माणसांना येत होती. काळी दारू जळाली की निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो. त्यात क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढतात, आणि एका रात्रीत नळी गंजू लागते. नुसते तेल लावून हे जात नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत. गरम पाणीच हवे. दस्ता सोडवून, कान मोकळा ठेवून, नळीतून गरम पाणी वरखाली करायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग कोरडे फडके, आणि नळी गरम असतानाच हलके तेल. बंदुकीवर पाणी ओततात हे पाहून अनेक जण दचकतात. त्यांना काडतुसाच्या बंदुकीची सवय असते. शिरूर-दौंडच्या कोरड्या हवेत, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एकदा नीट पुसलेले लोखंड वर्षभर टिकते. कोकणातल्या बंदुकीला ही सवलत मिळत नाही.

ज्यांना नेमबाजीच करायची आहे त्यांनी ती परवानगी असलेल्या रेंजवरच करावी. शेताच्या बांधावर डबा ठेवून बार काढणे पीक-संरक्षणाच्या परवान्यात बसत नाही. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे. राधानगरीजवळच्या कांबळवाडीचा आणि तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, त्यानंतर गावोगाव मुले एअर रायफलकडे वळत आहेत. साठीतल्या माणसानेही तिथून सुरुवात करावी असे मी आग्रहाने म्हणतो. श्वास, खांदा, चाप आणि चापानंतरचा तो धीर, हे सगळे एअर रायफलवर शिकता येते. मोठ्या वयाच्या नेमबाजांसाठी आपल्याकडे वेगळे गटही असतात.

वाचनासाठी आणि पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यासारखी जागा नाही. राजा केळकर संग्रहालयात शस्त्रे आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात कागद आहेत. सोनोरीजवळचा मल्हारगड पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० या काळात बांधला. दौंडहून तिथे जाऊन संध्याकाळी घरी परत येता येते. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा ग्रंथ १९२८ चा असला तरी अजून उपयोगी आहे.

यांपेक्षाही निकडीचे काम घरातच आहे. एक वही घ्यावी आणि बंदुकीची नोंद करावी: परवान्याचा क्रमांक, तो कुणाच्या नावे आणि कुठल्या कचेरीतून निघाला, नळीची लांबी, तोंडाचा व्यास, नळीवरचे आणि कुलपावरचे शिक्के जसेच्या तसे काढून, घोडा चकमकीचा की टोपीचा, दस्त्याचे लाकूड कुठले, कुठे सांधा मारला आहे, तो कुठल्या लोहाराने किंवा सुताराने मारला. सोबत दारूचे शिंग, मापाची नळी, गोळ्या ओतायचा साचा असे काही उरले असेल तर तेही लिहावे. साचा फेकून देऊ नका. गोळी किती व्यासाची होती हे अनेकदा त्याच्यावरूनच कळते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेता येत नाही हे नातवंडांना आत्ताच सांगून ठेवावे. बंदूक घरात कधी आली हे पुरुषांना बहुधा सांगता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. लग्नाच्या, विहीर खणल्याच्या, पहिल्या उसाच्या वर्षावरून त्या ते सांगतात. १९७२ च्या दुष्काळाआधी आली की नंतर, एवढे जरी कळले तरी कचेरीत जुनी नोंद शोधायला सोपे जाते.